एका सरळ रेघेची वंशावळ

स्ट्रिंग थिअरीबद्दल मराठीत जे काही छापून येतं त्यातलं निम्मं एका वाक्यात मावतं: विश्वातले सगळे मूलकण म्हणजे एकाच सूक्ष्म तारेचे वेगवेगळे सूर. वाक्य गोड आहे, व्याख्यानात टाळ्या घेतं आणि अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजायचं तर ही तार मुळात आली कुठून ते पाहावं लागतं. आइनस्टाइनचं अपुरं राहिलेलं काम तडीस न्यायला कुणी ती मुद्दाम शोधलेली नव्हती. ती निघाली जमाखर्चातून. १९५० नंतर प्रयोगशाळांमधून नव्या कणांचा लोंढा सुरू झाला, त्यांची नोंद ठेवता ठेवता एका आलेखावर काही ठिपके सरळ रेघेत पडले, आणि त्या रेघेचा अर्थ लावताना तार हाती लागली. आलेखाच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत मुंबईचा एक माणूस त्यावर काम करत होता.

१९३२ साली हिशेब सोपा होता. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि त्याच वर्षी सापडलेला न्यूट्रॉन यांच्यात रोजच्या पदार्थाचं जग बसत होतं. १९४७ साली वैश्विक किरणांत पायॉन सापडला, तोवरही गर्दी आवाक्यात होती. मग बर्कली, ब्रुकहेवन, जिनिव्हा इथले प्रवेगक सुरू झाले आणि आवराआवरीची सोयच राहिली नाही. नवे कण बहुतेक सगळे जन्मताच मोडणारे. दशांश चिन्हापुढे बावीस शून्यं देऊन मग एक लिहावा, एवढं सेकंदातलं त्यांचं आयुष्य. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा प्रोटॉनच्या दोन रुंदींपलीकडे पोचत नाही. अशा पाहुण्यांतले घरचे कोण आणि आलेगेले कोण, हे ठरवायचं कसं?

बर्कलीचे जेफ्री च्यू म्हणाले, ठरवूच नका. कुठलाही कण दुसऱ्यापेक्षा जास्त मूलभूत नाही, सगळे एकमेकांपासून बनलेले आहेत. याला कणांची लोकशाही असं नाव पडलं होतं. आज क्वार्क हे मूलभूत कण म्हणून शाळेच्या पुस्तकात आल्यावर हे म्हणणं विचित्र वाटतं, पण १९६० च्या आसपास हुशार माणसांचा मोठा जथा त्या बाजूला होता. त्यांच्या हातातलं हत्यार एका इटालियनाचं होतं. १९५९ साली तुल्लिओ रेजी यांनी स्पिनला, म्हणजे कणाच्या अंगच्या फिरकीला, पूर्णांकात अडकवून न ठेवता सलग बदलणारी राशी मानून गणित केलं. निसर्गात स्पिन तुटक किमतींचाच असतो. ०, १, २, किंवा अर्ध्याच्या पटीत. रेजींच्या गणितात या तुटक किमती म्हणजे एका अखंड वक्रावरचे अधूनमधून दिसणारे थांबे ठरले. च्यू आणि स्टीव्हन फ्राउची यांनी मग एका अक्षावर स्पिन आणि दुसऱ्यावर वस्तुमानाचा वर्ग घेऊन कणांचे ठिपके मांडायला सुरुवात केली.

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे, कागद-पेन्सिल पुरते. मेसॉन जातीच्या रो नावाच्या कणाचा स्पिन १, वस्तुमान ०.७७५ जीईव्ही (प्रोटॉनचं ०.९४, म्हणजे अंदाज येईल). त्याचा वर्ग ०.६०. पुढचा गडी ए-टू, स्पिन २, वस्तुमान १.३२, वर्ग १.७४. मग रो-थ्री, स्पिन ३, वस्तुमान १.६९, वर्ग २.८५. त्यानंतर ए-फोर, स्पिन ४, वस्तुमान १.९७, वर्ग ३.८७. दर वेळी स्पिन एकाने वाढला की वर्ग साधारण १.१ ने वाढतो. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या यंत्रांवर सापडलेले हे चौघं, जन्मजात क्षणभंगुर, आणि पट्टी लावून आखल्यासारखे एका रेघेत उभे. १९६२ साली यातला फक्त रो पक्का माहीत होता, बाकीचे नंतर येऊन रांगेत सामील झाले. अशा वेळी भाकितावर विश्वास बसतो.

पण रेघेची खरी गंमत डाव्या बाजूला आहे. ती मागे वाढवत वस्तुमान शून्य असेल तिथवर नेली, तर स्पिनच्या अक्षाला अर्ध्याच्या आसपास छेदते. अर्ध्या स्पिनचा मेसॉन नसतोच. तरी तो आकडा वाया जात नाही. ऋण पायॉन आणि धन पायॉन प्रोटॉनवर आपटले तर दोघांच्या धडकेच्या शक्यतेत थोडा फरक असतो. ऊर्जा वाढेल तसा तो किती झपाट्याने मिटेल हे त्या अर्ध्यावरून ठरतं. ऊर्जा चौपट केली की फरक निम्मा. म्हणजे रेघेची उजवी बाजू कणांची वस्तुमानं सांगते आणि डावी बाजू त्यांच्या टकरींचा निकाल. दोन वेगळ्या खात्यांचे हिशेब एका वहीत निघाले.

या डाव्या बाजूवर काम करणाऱ्यांत भालचंद्र उदगावकर होते. होमी भाभांनी १९४५ साली उभी केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर हे त्यांचं घर. आधी अणुभट्ट्यांच्या भौतिकीचं काम केलेले उदगावकर रजेवर बर्कलीला गेले आणि १९६२ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये त्यांचा एकट्याच्या नावावरचा निबंध आला. रेजींचं गृहीतक खरं मानलं तर फार मोठ्या ऊर्जेला धडकेची एकूण शक्यता कशी वागेल, हा त्याचा विषय. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, मरे गेल-मान यांच्याबरोबरचा दुसरा निबंध, अणुकेंद्रांवरच्या टकरींबद्दल. दोन वर्षांनी क्वार्कची कल्पना मांडणारे तेच गेल-मान. मराठी वाचकांना उदगावकर आठवतात ते मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष म्हणून, १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं त्यामागचे एक म्हणून, अण्वस्त्रांविरुद्ध बोलणारे म्हणून. हे सगळं मोठंच आहे. पण त्या धबडग्यात त्यांची १९६२ ची पानं झाकली गेली, याची मला चुटपूट लागते. स्ट्रिंग थिअरीचं कूळ लिहिणारे परदेशी लेखक रेजी, च्यू, फ्राउची इतकी नावं घेऊन थेट १९६८ वर उडी मारतात. आपणही तीच उडी मारावी, असं काही नाही.

गुहागरात बसून हे लिहिताना तालुक्याचा या कुळाशी काही संबंध लागतो का, हेही चाचपून पाहिलं. थेट काही नाही. ओढूनताणून जोडायचाच तर कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले आहेत: राजकारणात पूर्ण उतरण्याआधी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिणारे. त्याच फर्ग्युसनमध्ये पुढे दा. ध. कोसंबी गणित शिकवत होते आणि तिथून भाभांनी त्यांना टीआयएफआरमध्ये नेलं. एवढ्यावर वंशवृक्ष काढला तर कोकणस्थी अभिमानाचा वास येईल. सोडून देऊ.

१९६८. गॅब्रिएले वेनेझियानो, पंचवीस वर्षांचे, जिनिव्हाच्या सर्नमध्ये. दोन कण येऊन आपटतात आणि दोन निघून जातात, या घटनेसाठी असं सूत्र हवं होतं ज्यात रेघेच्या दोन्ही बाजू एकदम दिसतील. वेनेझियानोंना ते ऑयलर यांच्या अठराव्या शतकातल्या बीटा फलात सापडलं. सूत्र चालत होतं, पण ते कशाचं वर्णन आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोनेक वर्षांत शिकागोचे योइचिरो नांबू, कोपनहेगनचे होल्गर नील्सन आणि लेनर्ड ससकिंड हे तिघं आपापल्या वाटेने एकाच उत्तराला आले: ही ताणलेल्या तारेची कंपनं आहेत. कण बिंदू नाही, त्याला लांबी आहे.

आणि रेघ सरळ का, तेही उलगडलं. प्रकाशाच्या वेगाने टोकं फिरवणारी ताणलेली तार घेतली तर तिची फिरकी वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताण जितका जास्त, तितकी रेघ आडवी. आपल्या रोच्या रेघेवरून ताण काढला तर तो निघतो पंधराएक टन वजन टांगावं एवढा. प्रोटॉनच्या रुंदीच्या तारेवर पंधरा टन.

तारेच्या कंपनांत इतके कण कसे मावतात, हे समजावायला तंबोऱ्याचा दाखला हटकून दिला जातो. मीही देणार आहे, पण तो कुठे मोडतो हे दाखवण्यासाठी. पावसाळ्यात गुहागरात तंबोरा लावणं हा धीराचा कार्यक्रम असतो. समुद्राची ओल लाकडात मुरते, खुंट्या फुगून अडकतात, आणि काल खुललेली जवारी आज बसलेली असते. गावच्या खालच्या पाटातले एक अण्णा हे काम करतात ते पाहावं. घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित गोलसर घासलेला असतो. तार त्याला चाटत जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा. अण्णा तो दोरा नखाने केसभर पुढे ढकलतात, तार छेडतात, मान हलवतात, पुन्हा मागे घेतात. एका जागी दोरा बसला की ठक्क आवाजाची तार एकाएकी झणकारू लागते आणि खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. हा गंधार कुणी वाजवलेला नसतो. मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं कंपन त्याच तारेत चाललेलं असतं, ते कानावर येतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीवर छोटा निबंध लिहिला होता. तार जिथे छेडाल तिथे ज्या पटीचं कंपन स्थिर असतं ते दबायला हवं, असा युरोपातला नियम. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत आणि दबलेले स्वरही ऐकवतात, हे रामन यांनी दाखवलं.

तर एका तारेत एकपट, दुप्पट, तिप्पट अशी कंपनांची शिडी असते. स्ट्रिंग थिअरीतही असते, आणि तिथे वरची पायरी म्हणजे जास्त जड कण. रो, ए-टू, रो-थ्री या शिडीवर चढत जातात, इथवर दाखला चोख आहे. पुढे काय झालं ते मात्र ऐकण्यासारखं आहे.

ही थिअरी जिच्यासाठी जन्मली त्या कामात नापास झाली. गणित जुळायला २६ मिती लागत होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर वस्तुमानाचा वर्ग ऋण येत होता. त्याच्या वर वस्तुमान शून्य आणि स्पिन २ असा एक आगंतुक कण कायम येऊन बसायचा, जो मेसॉनांच्या जगात कुणी पाहिलेला नव्हता. दरम्यान स्टॅनफर्डच्या प्रयोगांत प्रोटॉनच्या आत बिंदूसारखं काहीतरी आहे असं दिसलं, आणि १९७३ साली क्वार्क-ग्लुऑनांची पक्की थिअरी आली. तिच्यात रोच्या रेघेला जागा आहे: दोन क्वार्कांमध्ये ग्लुऑनच्या क्षेत्राची घट्ट नळी ताणली जाते, तीच ती पंधरा टनांची तार. म्हणजे तार खरी होती, मूलभूत नव्हती.

दुसरा कुठला सिद्धांत असता तर इथे संपला असता. १९७४ साली जोएल शेर्क आणि जॉन श्वार्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानचे तामिआकी योनेया यांनी, त्या आगंतुकाकडे निराळ्या नजरेने पाहिलं. वस्तुमान शून्य, स्पिन २, हे वर्णन तर गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या ग्रॅव्हिटॉनचं आहे! मग तार मेसॉनांची कशाला, सगळ्याचीच असेल. फक्त लांबी वीसेक शून्यांनी कमी करायची आणि ताण चाळीसेक शून्यांनी वाढवायचा. नोकरी गेलेल्या माणसाने बिऱ्हाड बदलून दुसऱ्या गावी मोठ्या हुद्द्यावर लागावं, तसं झालं. दहा वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९८४ साली मायकल ग्रीन आणि श्वार्झ यांनी दहा मितींच्या सुधारित थिअरीतली एक जीवघेणी विसंगती मिटते हे दाखवलं, आणि मग एकच झुंबड उडाली.

सुरांचं ते गोड वाक्य नेमकं इथे लंगडं पडतं. ताण इतका वाढवल्यावर शिडीची दुसरी पायरीच अब्जावधी प्रोटॉनांच्या कितीतरी पलीकडे गेली. तिथला कण बनवायला जिनिव्हाचा प्रवेगक सोडाच, सूर्यमालेएवढाही पुरेल की नाही कोण जाणे. म्हणजे आपल्याला माहीत असलेले सगळे कण, इलेक्ट्रॉन, क्वार्क, फोटॉन, ग्लुऑन, हे एकाच तळच्या पायरीवर बसले पाहिजेत, जिथे वस्तुमान शून्य आहे. त्यांना जे थोडंफार वस्तुमान मिळतं ते २०१२ साली ज्याचा कण सापडला त्या हिग्जच्या क्षेत्रामुळे. तंबोऱ्यात आपण गंधार ऐकतो. निसर्गात आजवर नुसता खर्जच ऐकू आलेला आहे. इलेक्ट्रॉन आणि फोटॉन वेगळे आहेत ते सूर वेगळे म्हणून नव्हे. तार कोणत्या दिशेने हलते आणि दहापैकी न दिसणाऱ्या सहा मिती कशा गुंडाळलेल्या आहेत, यावर तो वेगळेपणा ठरतो.

त्या सहा मितींच्या आकाराला किती भोकं आहेत यावरून कणांच्या पिढ्या किती ते निघतं, असं १९८५ साली कँडेलस, होरोविट्झ, स्ट्रॉमिंजर आणि विटेन यांनी मांडलं. इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ अशा तीन पिढ्या आपल्याला दिसतात, तेव्हा आकाराचा, भोकांच्या हिशेबातून येणारा, ऑयलर आकडा सहा हवा. त्याच्या निम्मे तीन. किती देखणं आहे हे! पण असे आकार हजारोंनी निघाले, पुढे तर मोजदाद पाचशे शून्यांपर्यंत गेली. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड का, हे पन्नास वर्षांनंतरही थिअरीला सांगता आलेलं नाही. कणांशी तिचं नातं काय, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर हेच: कणांना जागा आहे, त्यांचे आकडे नाहीत.

मग वरच्या, कधीच न दिसणाऱ्या पायऱ्यांचं करायचं काय? गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर इथे या कुळात येतात. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोलकर त्यांचे वडील, नरेंद्र दाभोलकर काका. प्रिन्स्टनला पीएचडी करत असताना, १९८९ साली, त्यांनी जेफ्री हार्वी यांच्याबरोबर एक निरीक्षण मांडलं. बंद तारेवर लाटा दोन दिशांनी धावतात. एका दिशेच्या लाटा तळच्या पायरीवर शांत ठेवल्या आणि दुसऱ्या दिशेच्या हव्या तितक्या वाढवल्या, तर तयार होणाऱ्या जड कणांचं वस्तुमान परस्परांतल्या ओढाताणीने बदलत नाही. बाकीच्या जड कणांबद्दल काही खात्रीने बोलता येत नाही. हे मात्र मोजता येतात.

मोजून पाहू. वाढवलेल्या बाजूला जुन्या थिअरीचाच हिशेब चालतो, म्हणून हलायला २४ दिशा आहेत, तिथल्या २६ मितींपैकी दोन वजा जाऊन. पहिल्या पायरीवर एकपट कंपन एकदा, म्हणून २४ प्रकार. दुसरी पायरी दोन तऱ्हांनी गाठता येते: दुप्पट कंपन एकदा, त्याचे २४, किंवा एकपट कंपन दोनदा, त्याच्या जोड्या ३००. बेरीज ३२४. तिसरीवर ३,२००, चौथीवर २५,६५०. आकडे असे फुगत जातात, आणि ही मालिका ज्या फलातून निघते त्याचा व्यस्त म्हणजे रामानुजन यांनी १९१६ साली अभ्यासलेलं डेल्टा फल.

एवढे प्रकार, एवढं वस्तुमान, एवढ्याशा जागेत: हे वर्णन कृष्णविवराचं वाटू लागतं. १९९५ साली अशोक सेन तेव्हा टीआयएफआरमध्ये होते; तिथेच, कुलाब्याला, त्यांनी या पायऱ्यांवरच्या प्रकारांच्या संख्येचा लॉगॅरिदम आणि तितक्याच जड कृष्णविवराची एन्ट्रॉपी एकाच घाटाची आहेत हे दाखवलं, एक गुणक तेवढा अनिश्चित राहिला. पुढच्या वर्षी स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी दुसऱ्या जातीच्या कृष्णविवरांसाठी तो गुणकही जुळवला आणि गाजले. दाभोलकर १९९६ मध्ये टीआयएफआरला आले. २००१ च्या जानेवारीत स्ट्रिंगवाल्यांची वार्षिक जागतिक परिषद मुंबईत भरली. २००४ साली दाभोलकरांनी आपल्या जुन्या पायऱ्यांकडे परत वळून, गुरुत्वाकर्षणातल्या पुंज-दुरुस्त्या हिशेबात धरून, सेनांच्या वेळी लटकलेला गुणक बरोबर काढला.

२०१९ साली ते त्रिएस्तच्या आयसीटीपीचे, अब्दुस सलामांनी १९६४ साली स्थापलेल्या केंद्राचे, संचालक झाले. त्याआधी २०१२ साली समीर मूर्ती आणि गणिती डॉन झॅगियर यांच्याबरोबर त्यांनी दीर्घ निबंध लिहिला. अधिक गुंतागुंतीच्या कृष्णविवरांची मोजणी करताना एक अडचण यायची: एकसंध कृष्णविवर आणि दोन कृष्णविवरांची घट्ट जोडी यांचे आकडे एकाच मालिकेत मिसळलेले असत. जोड्या वगळल्या की उरलेल्या मालिकेची नेहमीची गणिती सममिती बिघडायची. ती ज्या रीतीने बिघडते ती रीत रामानुजन यांनी जानेवारी १९२० मध्ये, मृत्यूच्या तीनेक महिने आधी, हार्डींना लिहिलेल्या पत्रातल्या मॉक थीटा फलांचीच निघाली.